फेरीचा वेग, शर्यतीच्या मोटारीचा

पंखांची जुळणी व साठवलेल्या विजेचा वापर यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेली मोटारीची ट्रॅकवरील सरासरी गती. फॉर्म्युला वनमध्ये पंख १९६८ मध्ये आले, तर ब्रेकची ऊर्जा साठवणारी ‘केर्स’ यंत्रणा २००९ मध्ये. वेग दुप्पट झाला की पंखांमुळे मोटारीला खाली दाबणारा जोर (डाउनफोर्स) चौपट होतो. पंख अधिक कलता ठेवल्यास वळणावर पकड वाढते, पण सरळ पट्ट्यावर हवेचा अडथळाही वाढतो (→ वायुगतिकी). बॅटरीतील ऊर्जा वळणातून बाहेर पडताच खर्च करणे सहसा फायद्याचे ठरते, कारण तेथे मिळालेला वेग पुढील पूर्ण पट्टाभर उपयोगी पडतो. फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या नियमांनुसार विद्युत् मोटरची शक्ती १२० वरून ३५० किलोवॉट झाली. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या कार्टना पंख नसतात. तेथे वळण घेण्याची रेषा आणि टायरच निर्णायक (→ कार्टिंग). कोल्हापूरचे शर्यतचालक कृष्णराज महाडिक २०१८ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये उतरले. तेथील गाडीला पंख होते, विजेचे साहाय्य नव्हते.