मास्तरीण जाईबाई
गोंदियाच्या राईस मिलमध्ये मी पोती उचलतो. म्हणून इतिहास वाचताना मी आधी ओझं वाहणारं माणूस शोधतो. ते आपल्या विदर्भातच सापडलं.

जाईबाई चौधरी. जन्म १८९२, उमरेड, महाराच्या घरात. १८९६ च्या दुष्काळानं घर नागपूरला आणलं. नवव्या वर्षी लग्न. पुढं नागपूर-कामठी हमाली. या हमालणीला एका मिशनरी बाईनं शिकवलं, अन् शाळेत नोकरी दिली. पगार महिना चार रुपये. मास्तरीण अस्पृश्य आहे हे कळताच सवर्णांनी पोरं शाळेतून काढली. नोकरी गेली.

अक्षरं मात्र कुणाला काढून घेता आली नाहीत. १९२२ साली जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. १९३७ मध्ये महिला परिषदेत त्यांना जेवायला वेगळं बसवलं. त्यावर १ जानेवारी १९३८ ला आपल्या बायांनी निषेधाची सभा घेतली.

सर्टिफिकेट मिळालं की शिकणं संपलं, असं मानणारे मास्तर आपल्याही वस्तीत आहेत. त्यांना जाईबाई सांगा. अन् तुम्ही पाळी सुटल्यावर पोरं घेऊन बसा. दोन अक्षरं येत असतील तर दोन शिकवा. शिकवता शिकवता तिसरं आपणच शिकतो.