वाटाड्या : कागदावरचा आणि आकाशातला

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कोणाला त्याचे गाव विचारले, तर तालुका सांगण्याआधी तो 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' हे सांगतो. सोयरीक जुळवताना, बियाणे घेताना, फार काय, उन्हाळ्याची चर्चा करतानाही हे दोन शब्द आमच्या तोंडी असतात. बुलढाणा घाटावर, तिथली हवा थंड. मोताळा घाटाखाली. बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेली सडक राजूरचा घाट उतरते, मोताळ्याला येते आणि पुढे मलकापूरला पोहोचते. जुन्या फार्सी कागदांत वऱ्हाडाचे हेच दोन भाग 'बालाघाट' आणि 'पायीनघाट' या नावांनी येतात. म्हणजे ज्याने जन्मात नकाशा पाहिला नाही, त्याच्याही बोलण्यात आपल्या मुलखाचा एक नकाशा पिढ्यान्‌पिढ्या वसत आलेला आहे.

हे सांगण्याचे कारण असे, की सध्या घराघरांत एक वाद रंगलेला दिसतो. मोटार काढली की वडीलधारे कप्प्यातला घडीचा नकाशा शोधतात आणि मुले हातातल्या फोनवर गावाचे नाव टाकतात. आमच्या घरीही हेच. मी वाट विचारण्यासाठी गाडी थांबवायला सांगितली, तर पुतण्या म्हणतो, "काका, कोणाला कशाला विचारायचं? तीच सांगते ना!" 'ती' म्हणजे यंत्रातली ती न थकणारी, न रागावणारी बाई. हा वाद मिटवण्याच्या भरीस मी पडत नाही. परंतु त्यातल्या दोन्ही पक्षांना आपापल्या वाटाड्याचे कुळ ठाऊक नसते, आणि ते कुळ सांगण्यासारखे आहे.

पहिला वाटाड्या हाडामांसाचा. मोताळा तालुक्यातच, घाटाच्या अगदी पायथ्याशी, रोहिणखेड नावाचे गाव आहे. १४३७ साली खानदेशच्या नसीरखानाचा बहमनी सरदार खलफ हसन याने येथे पराभव केला. पुढे १५९०-९१ च्या सुमारास अहमदनगरच्या गादीसाठी लढणाऱ्या बुऱ्हाणने याच गावापाशी जमालखानाचा पाडाव केला. दीडशे वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या लढाया एकाच खेड्यापाशी व्हाव्यात, यात मला तरी योगायोग दिसत नाही. दक्षिणेतून घाट उतरणारी आणि खानदेशातून वऱ्हाडात शिरणारी फौज घाटाच्या तोंडाशीच एकमेकींना भेटणार. त्या काळी ज्याला घाटाची वाट ठाऊक, त्याच्या हाती मुलखाची किल्ली असे. ती वाट कागदावर नव्हती. ती गुराख्याच्या, बंजाऱ्याच्या, खेड्यातल्या जागल्याच्या पायांत होती.

तो वाटाड्या आजही भेटतो. तो म्हणतो, "भाऊ, सरके जा. नाल्याच्या पुढं मोठा निंब लागन, तथून उजव्या हाताले वळा." यात ना मैल, ना दिशा, परंतु निंब जोवर उभा आहे तोवर ही खूण खोटी ठरत नाही. उणीव एवढीच, की त्याचे ज्ञान त्याच्या शिवेपाशी संपते. चार गावे ओलांडली की दुसरा वाटाड्या शोधावा लागतो. आणि त्याने काही सांगायचे नाही असे ठरवले, तर परक्याचे काही चालत नाही.

त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आमच्या शेजारीच घडले. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेसमोर आर्थर वेलस्ली उभा होता. मध्ये केळणा नदी. पलीकडे जाण्यास या बाजूला उतार नाही, असे स्थानिक वाटाडे सांगत होते. वेलस्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी पाहिली आणि तर्क केला, की इतक्या जवळची दोन गावे एकमेकांकडे जात-येत असणारच, म्हणजे तेथे उतार असला पाहिजे. तो निघाला, आणि त्या दिवसाचा निकाल मराठ्यांच्या विरुद्ध गेला. आपल्याला कडू वाटणारी ही हकिकत आहे. पण तिच्यातला धडा घेण्यासारखा आहे. वाटाड्या असो वा नसो, समोरचा मुलूख वाचता येणे हे प्रवाशाचे पहिले शास्त्र होय.

दुसरा वाटाड्या कागदावरचा. १७८२ साली जेम्स रेनेलने हिंदुस्थानचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. त्याचा बराचसा आधार म्हणजे फौजांच्या कूचांची टिपणे आणि प्रवाशांनी सांगितलेली अंतरे. अशी अंतरे एकापुढे एक जोडली की त्यांतल्या चुकाही जोडल्या जातात. म्हणून १८०२ साली मद्रासेस विल्यम लॅम्बटनने निराळ्या पद्धतीने काम सुरू केले. जमिनीवर एक रेघ साखळीने अत्यंत काटेकोर मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर माणसांच्या बळाने चढवावे लागे.

ही त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत वऱ्हाडात आली. वीस वर्षे हेच काम करणारा लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी विदर्भातल्या हिंगणघाटला वारला, आणि तेथेच त्याची कबर आहे. जगातले सर्वांत उंच शिखर ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा मदतनीस. त्याने ती माळ पुढे सिरोंजपर्यंत आणि नंतर हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. या मोजणीवरून पृथ्वीच्या गोलाचा जो आकार त्याने १८३० साली ठरवला, त्यावरच आपल्या सर्वेक्षण खात्याचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षे आखले गेले.

माझ्या भिंतीवर ५५ डी या क्रमांकाच्या चौकटीचा नकाशा टांगलेला आहे. २० ते २१ अक्षांश आणि ७६ ते ७७ रेखांश यांच्यामधला मुलूख तो. याचेच पुढे सोळा तुकडे करून इंचाला एक मैल या प्रमाणात, आणि मेट्रिक मापे आल्यावर पन्नास हजारांस एक या प्रमाणात, शीट छापल्या गेल्या. त्यांत घाटाच्या जागी तपकिरी समोच्च रेषांची अशी दाटी होते, की घाट बोटाला लागेल की काय असे वाटावे. नळगंगा कोठून निघते, कोणता नाला तिला मिळतो, विहीर कोठे, देऊळ कोठे, गाडीवाट कोणती आणि पक्की सडक कोणती, हे सारे एका दृष्टिक्षेपात समोर येते. कागदी नकाशाचे खरे वैभव हेच. तो केवळ तुमची वाट दाखवत नाही. तुम्ही ज्या वाटांनी गेला नाहीत, त्याही दाखवतो.

तथापि हा नकाशा कोणासाठी काढला गेला, हे विसरून चालणार नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते मुख्यतः फौजेच्या खर्चापोटी, आणि पुढे या काळ्या जमिनीतला कापूस रेल्वेने मुंबईच्या बंदराकडे वाहू लागला. सारा ठरवायला, फौज हलवायला आणि रूळ टाकायला नकाशा हवा होता. साखळी आमच्या शेतातून ओढली गेली, पण नकाशा कचेरीच्या कपाटात राहिला. स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षे सरहद्दीजवळच्या आणि किनाऱ्यालगतच्या शीट सामान्य माणसाला मिळत नसत. मोताळ्याच्या शेतकऱ्याचे गाव नकाशावर होते. नकाशा मात्र त्याच्या घरी नव्हता.

आता तिसरा वाटाड्या. त्याचाही जन्म फौजेच्याच पोटी. १९७८ साली अमेरिकेने या योजनेतला पहिला उपग्रह आकाशात सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी एक कोरियन प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे गेली. त्यानंतर, ही सोय पूर्ण झाल्यावर नागरी वापरासही खुली राहील, असे अमेरिकेने जाहीर केले. तरी नागरिकांना मिळणारे संकेत मुद्दाम अंधुक ठेवलेले असत. मे २००० मध्ये तो पडदा काढला गेला. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ या काळात 'नाविक' ही स्वतःची उपग्रहमाला उभी केली, ती दुसऱ्याच्या मर्जीवर आपली वाट अवलंबून राहू नये म्हणून.

पुष्कळांची समजूत अशी, की वरचा उपग्रह आपल्याला पाहत असतो. तसे काही नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो केवळ स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगत असतो. आपले यंत्र निमूटपणे ऐकते. संकेत निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, यावरून अंतर निघते. निदान चार उपग्रह ऐकू आले, की आपली जागा आणि आपल्या घड्याळाची चूक, दोन्ही कळतात. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाने चुकले, तर अंतरात तीनशे मीटरांचा फरक पडतो. म्हणून उपग्रहात अणुघड्याळे असतात, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार त्यांच्यात रोज सुमारे अडतीस मायक्रोसेकंदांची दुरुस्ती धरावी लागते. लॅम्बटन कोन मोजून त्रिकोण सोडवी. हा वेळ मोजून अंतरे जुळवतो. भूमिती तीच, यंत्र निराळे.

परंतु येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उपग्रह 'तू कोठे आहेस' एवढेच सांगतो. 'तेथून रस्ता आहे' हे सांगतो तो नकाशाच. फोनमध्ये साठवलेला, कोणीतरी माणसाने काढलेला. आणि नकाशा म्हटला की तो शिळा होणारच. २०२१ च्या जानेवारीत अकोले तालुक्यात पुण्याची एक मोटार रात्रीच्या अंधारात यंत्राच्या सांगण्यावरून पुलावर गेली. पूल धरणाच्या पाण्याखाली होता. मोटार बुडाली आणि एकाचा जीव गेला. यंत्राने सांगितलेली जागा अचूक होती. चुकला तो रस्त्याचा नकाशा. त्या गावातल्या शाळकरी पोराला विचारले असते, तरी त्याने हात आडवा केला असता.

कागदवाल्यांनीही फार फुशारू नये. नळगंगेवर मोताळा तालुक्यात धरण झाले ते १९६० नंतरच्या दशकात. त्यापूर्वीच्या मोजणीची शीट हाती घेतली, तर आज जेथे पाणी आहे तेथे ती खुशाल शेत दाखवील. मलकापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग जुन्या नकाशावर ६ क्रमांकाचा आहे. २०१० सालच्या फेररचनेत तो ५३ झाला. कागदाला स्वतःहून काही कळत नाही, आणि त्याच्यावर 'तुम्ही येथे आहात' असा ठिपकाही नसतो. तो ठिपका शोधण्यासाठी बाहेर पाहावे लागते. डोंगर कोणत्या अंगाला, नदी कोठे वाहते, सूर्य कोणीकडे कलला. माझ्या मते कागदाचा गुण नेमका या अडचणीत आहे. तो तुम्हाला मुलुखाकडे पाहायला लावतो.

फोनवरच्या नकाशात उत्तर दिशा जाग्यावर राहत नाही. गाडी वळली की नकाशाही वळतो. वाट तेवढी दिसते, मुलूख दिसत नाही. राजूर घाट उतरून गेलेल्या मुलाला आपण केव्हा घाटावरून घाटाखाली आलो हे कळले नाही, तर दोष यंत्राला देता येईल. पण तोटा त्या मुलाचा आहे. ज्या शब्दांनी आम्ही पाऊस, पीक, सोयरीक आणि इतिहास समजून घेतला, ते शब्द त्याच्यापुरते पोकळ होतील.

असे असूनही या तिसऱ्या वाटाड्याला मी नमस्कार करतो. २०१४ पासून महाराष्ट्रात धावू लागलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला आडवळणाचे खेडे रात्री सापडणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी कोणी अडले आहे त्यास विचारावे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने भारतीयांना नकाशे करण्याची मुभा पुष्कळ मोकळी केली. दोनशे वर्षे ज्याच्या शेतातून साखळी ओढली गेली, त्याच्या खिशात आज नकाशा आला आहे. ही लहान गोष्ट नव्हे. आता तो वाचायचा की नुसता ऐकायचा, एवढेच आपल्या हाती उरले आहे.

तेव्हा वाचकहो, या भाऊबीजेला बहिणीच्या गावी निघाल, तेव्हा फोन अवश्य बरोबर घ्या. मात्र निघण्यापूर्वी अर्धा तास काढून जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर पसरा आणि मुलांना भोवती बसवा. आपले गाव कोठे, आत्याचे कोठे, मध्ये कोणत्या नद्या लागतात, घाट कोठे चढतो, हे त्यांच्याच बोटांनी शोधू द्या. आणि वाटेत यंत्र काही भलतेच सांगू लागले, तर गाडी थांबवून काच खाली करा. पारावर कोणी ना कोणी बसलेले असतेच. त्याला रामराम घालून वाट विचारा. तो कदाचित वाटेबरोबर चहाही विचारील, आणि ती सोय अजून कोणत्याच उपग्रहात निघालेली नाही.