डिहायड्रेटर नव्हता तेव्हा: तासगावचा बेदाणा, कोकणचं साठं आणि पुण्याची गच्ची

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी मोबाईलवर शोधला असेल. डिहायड्रेटर न घेता घरी फळं कशी वाळवायची? पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत मोठ्या हौसेनं अंजीर ठेवतो आपण, आणि तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी! ऊन तर भरपूर होतं, मग चुकलं कुठे? याचं उत्तर इतिहासात फार छान सापडतं. कारण हे यंत्र येण्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणूस फळं वाळवतोय.

सुरुवात एका शब्दापासून करू. बेदाणा. मूळ फारसी, बे-दाना, म्हणजे बी नसलेला. वाळवणाचा पहिला धडा या नावातच आहे: फळ लहान हवं, गोड हवं आणि शक्यतो बिनबियांचं हवं.

आपल्याकडे बेदाणा म्हटलं की सांगली जिल्ह्यातलं तासगाव. इथल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस या द्राक्षातून एक निवड केली, तीच 'तास-ए-गणेश'. नावातला 'तास' म्हणजे तासगाव. या भागात उन्हाळ्यात फिरलात तर रानात लांबच लांब शेड दिसतात. आत जाळीचे एकावर एक थर आणि त्यावर पसरलेली द्राक्षं. वर आच्छादन, बाजूनं वारा मोकळा. म्हणजे बघा, द्राक्षं उन्हात नाहीतच. ती सावलीत आहेत!

हीच गोष्ट अफगाणिस्तानात. कंदाहारकडे मातीच्या विटांची 'किशमिश खाना' नावाची घरं असतात. भिंतींना भोकंच भोकं, आत टांगलेले द्राक्षांचे घड. कोरडा वारा आरपार जातो आणि बेदाणा हिरवा राहतो. थेट उन्हात तोच तपकिरी होतो. तर दुसरा धडा: ऊन मदत करतं, पण पाणी घेऊन जाते ती कोरडी, वाहती हवा.

आता खरी गंमत. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून निसर्गानं केलेली ही सोय. नुसतं द्राक्ष ठेवलं तर ते आठवडेच्या आठवडे वाळत राहतं. म्हणून तासगावचा शेतकरी ते आधी एका द्रावणात बुडवतो. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल, म्हणजे इथाईल ओलिएट. मेणाचा थर सैल होतो, पाण्याला वाट मिळते, आणि दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो.

हे आधुनिक वाटतं ना? पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकानं शेतीवर ग्रंथ लिहिला. त्यात मनुका करण्याची कृती आहे: राखेचं पाणी उकळा, त्यात थोडं तेल घाला, द्राक्षं बुडवा, मग वाळवा. लाकडाच्या राखेच्या पाण्यात काय विरघळलेलं असतं? मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट! रोमची राख आणि तासगावची पावडर, रसायन तेच.

बरं, ज्या फळाची साल अशी सैल करता येत नाही त्याचं काय? इथे कोकण मदतीला येतं. अख्खा हापूस वाळवायला गेलात तर आधी सडेल. म्हणून तिथल्या बायकांनी फळाचा आकारच मोडला. तुपाचा हात लावलेल्या ताटात रसाचा पातळ थर, तो वाळला की त्यावर दुसरा, मग तिसरा. हे आंब्याचं साठं. कैरीच्या मीठ लावलेल्या फोडींची आंबोशी. कोकमाची सालं पुन्हा पुन्हा त्याच्याच रसात बुडवून वाळवली की आमसूल. पातळ थर, साखर, मीठ, आंबटपणा. दमट हवेत बुरशीशी लढायची ही शस्त्रं. आणि सगळं मृगाच्या आत, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही.

आता आपलं अंजीर. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, पण ते ताजं खायचं फळ. रसाळ, पातळ सालीचं, दोन दिवसांत उतरणारं. तुर्कस्तानात अंजीर झाडावरच निम्मंअधिक सुकतं, आपोआप गळतं, मग गोळा करून वाळवतात. जात वेगळी, हवाही वेगळी. त्यामुळे बाल्कनीतल्या त्या बुरशीचं फार मनावर घेऊ नका!

मग पुण्यात काय जमतं? मार्च-एप्रिलमधली पुण्याची दुपार आठवा. ओठ फुटतात इतकी कोरडी हवा. कोकणाला हेवा वाटावा अशी. आवळा सुपारी, बोरकूट, पापड-कुरडया हे सगळं याच हवेवर झालं. वाड्याची गच्ची, सुती धोतर, चार कोपऱ्यांना चार दगड. पण या यादीतून एक गोष्ट नेहमी सुटते: राखण. कावळे हाकलणारी आजी, सांज झाली की दव पडायच्या आत सगळं उचलणारी आई, बाजू पालटायला बसवलेली मुलं. 'फुकट उन्हात' वाळवलेल्या प्रत्येक फळात कुणाचे तरी दिवस गेले आहेत. डिहायड्रेटर उन्हाची जागा घेतो तशी या माणसांचीही घेतो. म्हणूनच आजच्या नोकरीवाल्या घराला तो हवासा वाटतो.

तासगावात हीच राखण आकाशाकडे बघत होते. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला की शेडमधला माल काळा पडतो आणि सौद्यात भाव पडतो. वर्षाची कमाई पंधरा दिवसांच्या हवेवर टांगलेली असते. हा धोका कमी करणारी सोपी यंत्रंही इथेच घडताहेत. महाराष्ट्रात काम करणाऱ्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीजला सौर ड्रायरच्या कामासाठी २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला, आणि ते ड्रायर चालवतात गावातल्या शेतकरी बायका.

तुम्हाला घरी करून बघायचंय? कोरड्या महिन्यात करा. पातळ काप करा, मीठ किंवा लिंबू लावा. खालूनही वारा लागेल अशा जाळीवर ठेवा, वर मलमलचं कापड घाला. रात्री घरात आणा. वाळलं असं वाटलं की काचेच्या बरणीत भरून आठवडाभर रोज बघा. आतून काचेवर थेंब दिसले तर पुन्हा वाळवा. बुरशी दिसली तर मात्र सगळंच टाकून द्या.

आणि घरात कुणी आजी असेल तर आधी तिला विचारा, तुमच्या गच्चीवर काय काय वाळायचं म्हणून. तो इतिहास अजून कुठल्याच पुस्तकात आलेला नाही. भेटू पुढच्या भागात!