नऊ तलवारी आणि भेंडवळचा घट

टॅरोतला चिंतेचा पत्ता म्हणजे नऊ तलवारी. जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यावर नुसत्या तलवारीच असत. 1909 साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यात माणूस काढला. रात्री अंथरुणात उठून बसलेला, तोंड हातांत लपवलेला. तलवारी मागच्या काळ्या भिंतीवर; एकही त्याला लागलेली नाही. म्हणून वाचणारे सांगतात, घावापेक्षा धास्ती मोठी.

आता आपलं बघा. पेरणीआधी अनसिंगच्या शेतकऱ्यालाही झोप नसते. पण वऱ्हाडानं ही चिंता शेतात मांडली. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केला म्हणतात, अन् आजही वाघ घराणंच तो वाचतं. गोलाकार 18 धान्यं, मधल्या खड्ड्यात 4 ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे 4 महिने. वर पाण्याची घागर. पानविडा म्हणजे राजा! (पिकाच्या चिंतेत राजाचीही चिंता आलीच.) रात्री तिकडं कुणी फिरकत नाही. पहाटे जे ढेकूळ भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस.

याला शास्त्राचा आधार नाही, त्यावर विसंबून बियाणं घेणं जोखमीचंच. पण पत्त्यावरचा माणूस एकटा आहे. भेंडवळला भाकीत ऐकायला गावोगावचे शेतकरी जमतात, अन् सोयाबीन पेरायचं की तूर, हे तिथंच एकमेकांना विचारतात.