मधल्या सफेचा इतिहास

उर्दू शिकवणाऱ्या शिक्षकाला वर्गात जवळजवळ रोज एक प्रश्न विचारावा लागतो. अमुक शब्द मुजक्कर की मुअन्नस? म्हणजे पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? मराठीत तीन लिंगे आहेत, उर्दूत दोनच. तरीही सगळे शब्द या दोन खान्यांत नीट बसलेले नाहीत. ‘बुलबुल’ आणि ‘कलम’ हे शब्द जुन्या उस्तादांनी दोन्ही लिंगांत वापरले. त्यावरून जाणकारांत वादही रंगले. पण म्हणून बुलबुलला कुणी बागेतून हाकलून दिले नाही! माणसाच्या बाबतीत मात्र आपण इतके उदार राहिलो नाही. मुलगा असून मुलासारखा वागत नाही, मुलगी असून मुलीसारखी राहत नाही, असे दिसले की घरापासून मोहल्ल्यापर्यंत सगळेच अस्वस्थ होतात. आणि वर सांगतात की, हे पूर्वापार असेच चालत आले आहे.

पूर्वापार खरोखरच असे होते काय? इतिहास चाळला तर उत्तर वेगळे मिळते.

सुरुवात आपल्याच घरातून करू. हनफी फिकहचा प्रसिद्ध ग्रंथ ‘हिदाया’. त्याचे कर्ते बुरहानुद्दीन मर्गीनानी ११९७ साली वारले. या ग्रंथाच्या अखेरीस ‘खुन्सा’ या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. जन्मतः ज्याच्या शरीरावरून स्त्री की पुरुष हे सांगता येत नाही तो खुन्सा. कोणत्याच लक्षणावरून निर्णय होत नसेल तर त्याला ‘खुन्सा मुश्किल’ म्हटले आहे. अशा व्यक्तीने नमाजला कुठे उभे राहावे, वारशात तिला किती हिस्सा मिळावा, मेल्यावर तिचे कफन कसे असावे, या सगळ्याचा विचार फुकहांनी केला. नमाजात तिची जागा पुरुष आणि मुलांच्या मागे, स्त्रियांच्या पुढे. म्हणजे तिच्यासाठी एक मधली सफ राखलेली होती. वारशात इमाम अबू हनीफांनी दोन हिश्श्यांपैकी जो कमी असेल तो दिला, तर इतर काहींनी दोन्हींचा निम्मा-निम्मा धरला.

कमीच हिस्सा का, असे आज कुणी विचारील आणि ते रास्तच आहे. पण सगळी चर्चा हिस्सा किती द्यायचा याची आहे. द्यायचा की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. ही व्यक्ती कुटुंबातली आहे, जमातीतली आहे, हे गृहीत धरलेले आहे. ‘मुश्किल’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मुश्किल पडते ती निर्णय देणाऱ्याला. त्या माणसाला त्यासाठी कुणी गुन्हेगार ठरवलेले नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. खुन्सा ही शरीराची बाब झाली. आज ज्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो त्या सर्वांना हा शब्द लागू पडत नाही. शरीर पुरुषाचे पण चालणे-बोलणे बायकी, अशा व्यक्तीसाठी ‘मुखन्नस’ हा वेगळा शब्द आहे आणि त्याबाबत उलेमांची मते कडक आहेत. तरीही तेराव्या शतकातील इमाम नववींसारख्या भाष्यकाराने जन्मजात स्वभाव आणि मुद्दाम केलेले सोंग यांत भेद केला. स्वभावच तसा असेल तर त्या माणसाचा दोष नाही, असे त्यांनी मानले. हा भेद आपल्या वाझांमधून कितीदा ऐकू येतो?

दुसरा शब्द ख्वाजासरा. बाराव्या शतकापासून मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीची खिदमत ख्वाजासरांकडे होती. लोक त्यांना अदबीने ‘आगा’ म्हणत. आपल्या महाराष्ट्राशी ज्याचा थेट संबंध आला तो मलिक काफूर ख्वाजासराच होता. १२९९ च्या गुजरात स्वारीत तो खंबायतला खिलजी फौजेच्या हाती लागला. हजार दिनारांना विकत घेतलेला, म्हणून ‘हजारदिनारी’ हे नाव त्याला चिकटले. हाच गुलाम पुढे सेनापती झाला आणि १३०७ मध्ये देवगिरीवर चालून आला. अकबराच्या दरबारात इतिमाद खान या ख्वाजासराकडे खजिन्याचा कारभार होता.

मात्र या थोरवीला भुलून चालणार नाही. ख्वाजासरा बहुधा स्वतःच्या मर्जीने झालेले नव्हते. लहान वयात त्यांच्या शरीराची चिरफाड करून त्यांना बाजारात विकलेले असे. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात सिल्हटकडची रीत नोंदवली आहे. तिथे मुलांना खोजे करून सारा म्हणून सुभेदाराला देत. बादशहाने त्यावर मनाई घातली. तेव्हा ख्वाजासरा आणि हिजडा हे एकच समजू नये. मुद्दा इतकाच की, पुरुष नाही आणि स्त्रीही नाही असा माणूस त्या काळच्या समाजाला अदृश्य नव्हता. त्याला ओहदा होता, कामही होते.

आता दख्खनकडे वळू. मराठी अमलात हिजड्यांना ठरावीक गावांत, ठरावीक घरांकडून भिक्षा मागण्याचा वंशपरंपरागत हक असे. तो गुरूकडून चेल्याकडे जाई. काहींकडे इनाम जमिनीही होत्या. जसे कुलकर्ण्याचे वतन, बलुतेदाराचे बलुते, तसाच हाही एक हक. श्रीमंती नव्हती, पण गावच्या हिशेबात नाव होते. लग्नात, बारशाला त्यांची दुआ घेतल्याशिवाय घरचे कार्य पुरे होत नसे. यल्लम्माचे जोगते आपल्याच मुलखातले. हाजीमलंगच्या डोंगरावर माघ पौर्णिमेच्या उरुसाला त्यांची गर्दी आजही होते. बधाईची टाळी कानावर पडली की वसई-विरारमधल्या आपल्या आया-बहिणी अजूनही तान्ह्या बाळाला पुढे करतात. ते याच जुन्या नात्याचे अवशेष आहे.

हे नाते तुटायला सुरुवात झाली त्यात आमच्या वसईचेही नाव आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इथे इंग्रजांशी तह केला. वसईचा तह म्हणून शाळेत आपण तो शिकलो. त्यानंतर सोळा वर्षांत पेशवाई बुडाली आणि दख्खनचा कारभार मुंबई सरकारच्या हाती गेला. नव्या साहेबाला जमाखर्चाच्या वहीत हिजड्यांचे हक दिसले. भीक मागण्याचा हक सरकारने कशाला मान्य करायचा, आणि तोही असल्या लोकांचा, असा सवाल उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई सरकारने या हकांना मान्यता देणे बंद केले. कारण दिले नीतीचे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि भल्याभल्यांची इनामे गेली. तिथे हिजड्यांची बाजू कोण मांडणार?

पुढचा घाव जास्त खोल होता. १८७१ चा सत्ताविसावा कायदा ‘क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट’ म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पारधी, बेरड यांच्यासारख्या जमातींवर या कायद्याने पुढे जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, हे फार कमी लोकांना माहीत आहे. तो प्रथम वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू झाला. संशयितांची नोंदवही करायची. नोंद झालेला माणूस रस्त्यावर बाईच्या वेषात दिसला, किंवा नाचला-गायला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला दत्तक घेता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र देता येणार नाही, कुणाचा पालक होता येणार नाही. फिकहने जिथे वारशाचा हिस्सा मोजला होता, तिथे या कायद्याने वारसाच मोडला! गुरूच्या मागे चेल्याला काही मिळायचे ते बंद झाले. हा भाग १९११ च्या नव्या कायद्यात वगळला गेला, पण चाळीस वर्षांत जे मनांत रुजले ते वगळले गेले नाही.

इंग्रजांवर सगळे खापर फोडून आपण मोकळे व्हावे, असे मात्र मी म्हणणार नाही. साहेबाचा कायदा गेला, पण त्याची नजर आपण आपलीशी केली. साधे उदाहरण घ्या. १५९५-९६ मध्ये चांदबीबीने अहमदनगरच्या तटावर उभे राहून मोगलांना थोपवले. तिला आपण ‘मर्दानी’ म्हणतो आणि ती शाबासकी ठरते. पण मुलाला ‘बायल्या’ म्हटले की ती शिवी होते. म्हणजे बाई पुरुषासारखी झाली तर वर चढली, पुरुष बाईसारखा झाला तर खाली घसरला. या शिवीत अपमान त्या मुलाचा आहेच, पण आपल्या आया-बहिणींचाही आहे. रंगमंचावर मात्र आपल्याला सगळे चालते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध झाला आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मराठी चित्रपटांत तमाशातला नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांच्या वाट्याला मात्र रस्त्यावर हेटाळणी आली.

शाळेत हे सारे आम्हा शिक्षकांना रोज दिसते. मुलगा हळू बोलतो, क्रिकेटऐवजी मेंदी काढण्यात रमतो, मुशायऱ्यात गझल तरन्नुममध्ये म्हणतो. मग मधल्या सुट्टीत त्याच्या चालण्याची नक्कल होते. कधी कधी स्टाफरूममध्येही हसू उमटते. घरी वडील ‘मर्द बन’ म्हणून हात उगारतात. काही महिन्यांनी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी वाढत जाते आणि एक दिवस नाव कमी होते. तो पुढे काय झाला असता, हे कुणालाच कळत नाही. टाळी वाजवणारी व्यक्ती विरार लोकलच्या डब्यात समोर आली की आपण खिडकीबाहेर पाहतो. तिचेही नाव कधीतरी कुठल्यातरी शाळेच्या पटावर असेल, हा विचार मनात येत नाही.

अलीकडच्या वर्षांत कायद्याने काही पावले मागे घेतली. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ माणसे मोजली गेली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात तृतीयलिंगी ओळख मान्य केली. त्या लढ्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या. त्यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन मराठीतच आले. २०१९ मध्ये संसदेने कायदा केला. ओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्याचा दाखला कशाला, म्हणून त्यावर टीकाही झाली. २०२१ च्या जानेवारीत जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. स्त्रियांच्या जागेसाठी भरलेला त्यांचा अर्ज बाद झाला होता आणि औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला. श्रीरामपूरच्या दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात. शेजारी पाकिस्तानात २०१८ मध्ये असाच कायदा झाला. २०२३ मध्ये तिथल्या शरियत न्यायालयाने त्यातील काही कलमे रद्द ठरवली. म्हणजे वाद आपल्या मुआशऱ्यातही चालू आहे आणि तो होऊ द्यावा.

पण वाद उलेमा आणि वकिलांचा. आपल्या हातात जे आहे ते त्यासाठी थांबवायचे कारण नाही. पटावरचे नाव कमी होऊ न देणे आपल्या हातात आहे. वारशाच्या वाटणीत त्या एका लेकराचा हिस्सा न गाळणे आपल्या हातात आहे. मय्यतीला खांदा देताना मागे न सरणे, हेही आपल्याच हातात आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या फकीहाला जमातीत त्या माणसासाठी सफ आखावीशी वाटली. आपल्याला निदान वर्गातला एक बाक तरी राखता यावा.