युवकांची मनोव्यथा : सामाजिक घटक
घर, शाळा, समवयस्क आणि रोजगार यांच्या दडपणातून तरुणांत उद्भवणारा मानसिक ताण. उदाहरणार्थ, कोल्हार (जि. अहिल्यानगर) हे नगर-मनमाड रस्त्यावरचे प्रवराकाठचे गाव; अशा ऊसपट्ट्यातील गावांत पैसा दिसतो, म्हणून ताण दिसत नाही. वाटण्यांनी आखडलेली जमीन, स्पर्धा परीक्षांत सरणारी वर्षे आणि शेतकरी मुलांची रखडलेली लग्ने हे ग्रामीण महाराष्ट्रातील ठळक घटक. मुलींबाबत शिक्षण तुटणे व लवकर लग्न. इतरांशी तुलनेच्या ताणासाठी मोबाइलला दोष देणे सोपे, पण तुलना पारावरही होतेच. झोपमोड, चिडचिड, डोकेदुखी ही लक्षणे. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने उपचार लांबतात. कोल्हारजवळ लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय असूनही हेच घडते. ‘टेलिमानस’ (२०२२) ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य समुपदेशन देते.