महासंगणकाच्या दारातली रांग

१९७६ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत एक विलक्षण दिसणारं यंत्र येऊन दाखल झालं. माणसापेक्षा जरासं उंच, इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं कपाट आणि त्याच्या पायाशी गोल फिरणारं गादीचं बाकडं. बाकड्याखाली वीजपुरवठ्याची सामग्री दडवलेली होती. सेमूर क्रे या अबोल अभियंत्यानं घडवलेला हा क्रे-१. सेकंदाला सोळा कोटी गणितं करण्याची त्याची कमाल क्षमता होती आणि किंमत होती पन्नास लाख डॉलरच्या पुढे.

महासंगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा इथेच थांबतो. यंत्र किती वेगवान, जगात कितव्या क्रमांकाचं, किती कोटींचं, एवढंच सांगतो. पण त्या बाकड्यापर्यंत पोचायला मिळालं कोणाला, आणि पोचल्यावर त्याला यंत्र चालवायला शिकवलं कोणी, हा इतिहास मला जास्त मोलाचा वाटतो. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

लॉस अलामोस ही अण्वस्त्रांची प्रयोगशाळा. अमेरिकेतले सुरुवातीचे बलाढ्य संगणक मुख्यतः अशाच ठिकाणी होते. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला तिथे सहजासहजी प्रवेश नव्हता. लॅरी स्मार नावाचा एक तरुण खगोलशास्त्रज्ञ होता. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर काय होईल, हा त्याचा विषय. आइन्स्टाइनची समीकरणं कागदावर सुटत नाहीत, ती संगणकावर आकडेमोड करूनच सोडवावी लागतात. त्यासाठी लागणारा संगणक होता लिव्हरमोर प्रयोगशाळेत, म्हणजे पुन्हा अण्वस्त्रांच्याच घरात. आकाशातल्या कृष्णविवरांचं गणित करण्यासाठी या माणसाला अण्वस्त्रांची गुपितं हाताळणाऱ्यांना लागतो तसला सुरक्षा-परवाना काढावा लागला.

पुढे १९८०च्या सुमारास स्मार उन्हाळ्यात जर्मनीला जाऊ लागला. म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेत क्रे-१ होता, आणि तो शास्त्रज्ञांसाठी खुला होता. गंमत पाहा, यंत्र अमेरिकेत बनलेलं, शास्त्रज्ञ अमेरिकेतला, आणि दोघांची भेट व्हायची ती जर्मनीत. तिथल्या एका सहकाऱ्यानं बिअर पिता पिता त्याला चिडवलं की, तुमच्याच देशात बनलेल्या यंत्रासाठी आमच्या दारात यायला तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? स्मारनं ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. ते बोलणं त्याला चांगलंच लागलं असावं.

हे दुखणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. १९८२च्या डिसेंबरात पीटर लॅक्स या गणितज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं एक अहवाल दिला. त्यातल्या शिफारशींचा क्रम बघण्यासारखा आहे. पहिली शिफारस अशी की, संशोधकांना जलद जाळ्यांमार्फत महासंगणकापर्यंत पोचता आलं पाहिजे. मग गणितपद्धती आणि सॉफ्टवेअरवरचं संशोधन, मग माणसांचं प्रशिक्षण, आणि नवीन यंत्रांची घडण सगळ्यांत शेवटी! कुठल्याही देशातलं सरकार हा क्रम उलटा लावण्याची शक्यताच जास्त.

पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या स्मारनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे एक प्रस्ताव पाठवला. प्रतिष्ठाननं तो मागवलेला नव्हता. असले प्रस्ताव सहसा फायलीत धूळ खात पडतात. हा पडला नाही. वेष्टन काळं होतं म्हणून तो ‘काळा प्रस्ताव’ या नावानं ओळखला जातो. १९८५ मध्ये प्रतिष्ठाननं इलिनॉय, कॉर्नेल, प्रिन्स्टन आणि सॅन दिएगो अशी चार केंद्रं मंजूर केली. पुढच्या वर्षी पिट्सबर्गचं पाचवं केंद्र आलं. प्रिन्स्टनच्या केंद्राचं नशीब मात्र खोटं निघालं. त्यांनी ज्या कंपनीचं यंत्र निवडलं ती कंपनीच १९८९ मध्ये बंद पडली आणि मागोमाग केंद्रही मिटलं.

आता दार तर उघडलं. पण यंत्र पाच आणि मागणारे हजारो. मग वेळ वाटायचा कसा? इथे पैशांऐवजी यंत्राचा वेळच चलन ठरला. संशोधकानं अर्ज करायचा, मला अमुक प्रश्नासाठी इतके तास हवेत. त्याच विषयातल्या जाणकारांच्या समितीनं तो तपासायचा आणि तास मंजूर करायचे. प्रश्न महत्त्वाचा आहे का, एवढंच समिती पाहत नसे. या माणसाचा प्रोग्राम यंत्राचा वेळ वाया तर घालवणार नाही ना, हेही पाहिलं जाई. आणि खरी मेख तिथेच होती.

कारण क्रे यंत्राचा वेग आपोआप मिळत नसे. आकड्यांची लांबच लांब रांग एकाच तालात पुढे सरकत असेल तर ते सुसाट धावायचं. पण प्रोग्राममध्ये प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरासाठी खोळंबत असेल, तर यंत्राचं सारं सामर्थ्य फुकट जायचं. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञानं १९६७ मध्येच हा हिशेब मांडला होता. समजा, शंभर मिनिटांचं काम आहे. त्यातल्या नव्वद मिनिटांचं काम जादूनं क्षणात झालं, तरी उरलेली दहा मिनिटं लागणारच. म्हणजे यंत्र कितीही महाग घ्या, तुमचं काम दहापटीपेक्षा जास्त लवकर होणार नाही. ती दहा मिनिटं कमी करायची तर प्रोग्रामच नव्यानं बांधावा लागतो, आणि ते काम यंत्र विकणारा करून देत नाही.

म्हणून या केंद्रांमध्ये सल्लागार नेमले गेले. त्यातले कित्येक स्वतः भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकलेले असत. दूरध्वनीवर कुणी रसायनशास्त्रज्ञ वैतागून सांगायचा की, माझा प्रोग्राम माझ्या लहान संगणकावर चालतो आणि तुमच्या मोठ्यावर नाही. मग सल्लागार तो प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचायचा. या माणसांची नावं शोधनिबंधांत फार तर शेवटच्या आभारात येतात. माझ्या मते अमेरिकेच्या महासंगणकांचा अर्धा पराक्रम या आभाराच्या ओळीत आहे.

दूरच्या विद्यापीठातून यंत्रापर्यंत पोचायचं तर तार हवी. १९८६ मध्ये या केंद्रांना जोडणारं जाळं सुरू झालं. त्याचा वेग होता सेकंदाला छप्पन हजार बिट, म्हणजे आजचं मोबाइलवरचं एक छायाचित्र पाठवायला त्याला कित्येक मिनिटं लागली असती. लवकरच ते तुंबलं आणि १९८८ मध्ये त्याचा वेग सुमारे पंचवीस पटींनी वाढवावा लागला. पुढे याच जाळ्याच्या कण्यावर इंटरनेट उभं राहिलं. इलिनॉयच्या केंद्रानं सामान्य टेबलावरच्या संगणकातून महासंगणकात शिरण्यासाठी टेलनेटचं एक सॉफ्टवेअर तयार करून फुकट वाटलं. त्याच केंद्रात १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी ‘मोझेक’ हा ब्राउझर लिहिला. चित्रं आणि मजकूर एकाच पानावर दाखवणारं ते खिडकीसारखं सॉफ्टवेअर जगभर पसरलं. वापरणाऱ्याची सोय बघण्याची सवय लागलेल्या घरात ते जन्मलं, हा मला योगायोग वाटत नाही.

हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडे दाराचा प्रश्न त्याच्याही आधीपासून होता. १९६४ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळचा बलदंड संगणक आला. तो नुसत्या त्या संस्थेपुरता ठेवला नाही, देशभरातल्या संशोधकांनी वापरायचा असं ठरलं. त्या वेळी प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर एक ओळ. एखादा स्वल्पविराम चुकला की गठ्ठा परत, आणि पुन्हा रांगेत शेवटी.

ऐंशीच्या दशकात मात्र दाराची किल्लीच परक्याच्या हाती गेली. भारताला मोसमी पावसाच्या अंदाजासाठी क्रे हवा होता. वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळल्या. शेवटी हवा होता त्यापेक्षा लहान क्रे मिळाला, तोही हवामानाच्याच कामासाठी, अशा अटीसह. दिल्लीत यंत्र आलं, पण एखाद्या रसायनशास्त्रज्ञानं त्यावर आपला रेणू सोडवायचा म्हटलं तर ते दार त्याच्यासाठी नव्हतं.

त्यातूनच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट आपल्याला पाठ आहे आणि तिचा अभिमानही रास्त आहे. पण तिचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. परम हा क्रेसारखा एकच जलद मेंदू नव्हता. अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना निरोप पाठवत काम करायचे. म्हणजे क्रेसाठी लिहिलेला प्रोग्राम त्यावर जसाच्या तसा चालणार नाही. काम कसं तोडायचं, कोणता तुकडा कोणाला द्यायचा, निरोपांची वाट बघण्यात वेळ जाणार नाही असं कसं जुळवायचं, हे सगळं शिकावं लागणार. नव्वदच्या दशकात सी-डॅकनं यंत्रांबरोबर पुण्यात प्रगत संगणनाचे अभ्यासवर्ग काढले, ते या अंगानं पाहायला हवेत. १९९८ मध्ये परम १०००० आला आणि त्याच्याभोवती राष्ट्रीय परम महासंगणन सुविधा उभी राहिली. यंत्र पुण्यात आणि वापरणारे देशभर, हे त्यामागचं सूत्र. अर्थात तेव्हा आपल्या बहुतेक महाविद्यालयांतली तार इतकी बारीक होती की, ‘देशभर’ हा शब्द जरा सबुरीनं घ्यावा. २०१०च्या दशकात राष्ट्रीय ज्ञानजाळं पसरू लागलं तेव्हा ही अडचण बरीच हलकी झाली.

आजचा संशोधक या रांगेत उभा राहतो तो आपल्या टेबलाशी बसूनच. पण रांग आहेच. तिचा नियम आपल्या पिठाच्या गिरणीतला आहे. गव्हाच्या मोठ्या पोत्यासाठी जागा मोकळी होईपर्यंत गिरणीवाला दोन किलोचा डबा मध्येच दळून देतो, पोतेवाल्याचा खोळंबा न करता. महासंगणकातही पाचशे प्रोसेसर मागणारं काम थांबलेलं असतं, तेवढ्यात रिकाम्या पडलेल्या थोड्या प्रोसेसरांवर एखादं लहान काम उरकून घेतात. अट एकच, तुमच्या कामाला किती वेळ लागेल हे आधी सांगायचं. धास्तीनं जास्त सांगितलं तर ताटकळत बसाल. कमी सांगितलं तर वेळ संपताच काम मध्येच तोडलं जाईल आणि दोन दिवसांची आकडेमोड पाण्यात. म्हणून मधला हिशेब अधूनमधून लिहून ठेवायला शिकवतात.

अमेरिकेनं दार आणखी सैल केलं. २००८ पासून विद्यापीठांमध्ये तिथलाच एखादा जाणता माणूस सहकाऱ्यांना महासंगणकाची वाट दाखवायला पुढे येतो, अशी योजना आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या व्यवस्थेत अगदी लहान मागणीसाठी कामाचं थोडक्यात टिपण पुरतं, आणि मार्गदर्शकाच्या पत्रावर संशोधक विद्यार्थीही अर्ज करू शकतो.

आपल्याकडे २०१५ मध्ये साडेचार हजार कोटी रुपयांचं राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झालं. २०१९ मध्ये बनारसच्या आयआयटीत परम शिवाय आला, मग पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म. २०२४ मध्ये तीन परम रुद्र आले, त्यातला एक पुण्याच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी. प्रत्येक वेळी बातमीत पेटाफ्लॉप्सचा आकडा ठळक असतो. मदतकक्षात किती माणसं आहेत, हा आकडा मी अजून मथळ्यात पाहिलेला नाही. तरी या अभियानात खरगपूर, मद्रास, पालक्काड आणि गोवा इथल्या आयआयटींत प्रशिक्षणाची केंद्रं नेमली आहेत, आणि ती बातमी मला परम रुद्रएवढीच मोठी वाटते.

कुठल्याही महासंगणकात शिरताना आधी एका लहान संगणकावर उतरावं लागतं. ते नुसतं दारापुढचं ओसरीचं ठिकाण. तिथे कामाची चिठ्ठी द्यायची आणि बाजूला व्हायचं. नवखी मंडळी उत्साहाच्या भरात गणित तिथेच सुरू करतात आणि मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट अडते. मदतकक्षाची आणि त्यांची पहिली ओळख बहुधा त्याच दुपारी होते.